चार हातांचं यंत्र

"हं, दाब," असं म्हणून गंधेमास्तरांनी आपल्या बाजूचे दोन्ही दांडे खाली दाबले.

यंत्र ढिम्म हललं नाही. मास्तरांनी दांडे सोडले, चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवला आणि टेबलाच्या पलीकडे पाहिलं. पलीकडे आणखी दोन दांडे होते. त्यांना नवीन काळा रंग दिलेला होता. दांड्यांमागे भिंत होती. दांडे आणि भिंत यांच्या मधे कोणीच नव्हतं.

आपण हे कोणाला सांगितलं, हे मास्तरांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. पत्नीला, इंदूताईंना, जाऊन दोन पावसाळे झाले होते. म्हणजे झाले असते, पण त्यातला दुसरा पडलाच नव्हता. पूर्वी शेडमध्ये काही धरायचं, दाबायचं, उचलायचं झालं की मास्तर असंच म्हणायचे आणि मागच्या दाराने इंदूताई ओले हात पदराला पुसत यायच्या. "किती वेळ धरायचंय? भात लागेल," असं म्हणायच्या आणि भात लागेपर्यंत धरून उभ्या राहायच्या.

मास्तर खाली बसले. यंत्र पुरं झालं होतं. आराखडा नीट होता, पाती नीट होती, एकही मळसूत्र सैल नव्हतं. फक्त ते चालवून बघायला चार हात लागत होते आणि शेडमध्ये दोनच होते. ही गोष्ट आराखडा काढताना, लोखंड कापताना, रंग देताना एकदाही डोक्यात आली नाही. एखाद्या माणसाने किती मूर्ख असावं, याला मर्यादा असते असं ते आजवर समजत होते.

यंत्र होतं पाथर्डीकडच्या रंगनाथ ढाकण्यांचं. रंगनाथचा गावी नवारीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याखाली मांडलेले माग. त्यावर पलंगाची नवार विणायची आणि पट्ट्यांसाठी जाड, अरुंद पट्टीही विणायची. विणलेला माल मापात कापायला एक जुनं यंत्र होतं. रतनबाई नवार ओढायची आणि आक्काबाई दांडा दाबायची. एक दिवस रतनबाई जास्त ओढून गेली, आक्काबाई सारखं करायला पुढे झाली आणि दुसऱ्या हाताने दांडा दाबला गेला. आक्काबाईच्या करंगळीचं टोक गेलं. रंगनाथ दुसऱ्याच दिवशी एस.टी. पकडून नगरला मास्तरांकडे आला होता.

"मास्तर, मला नवार कापनारं यंत्र पायजे, बोट कापनारं न्हाई. दोघींचे मिळून चारी हात दांड्यावर असल्याबिगर पातं खाली येता कामा न्हाई. आन एक सांगतो, ह्या बाया लई हुशार. एक दांडा दोरीनं बांधून ठिवतील आन तीन हातांवर कामं उरकतील. तसलं चालायचं न्हाई."

मास्तरांनी तसलं चालणारच नाही असं यंत्र केलं. मास्तर पूर्वी उद्योगशाळेत आराखडे काढायला शिकवत. त्यामुळे काम पुस्तकासारखं करायची खोड होती. दांडा बांधून ठेवला किंवा त्यावर वीट ठेवली, तर आतली कळ बसतच नसे. चारही दांडे वर हवेत, आणि एकदमच खाली यायला हवेत. अर्ध्यावर आले की रूळ फिरून नवार आत ओढायचा आणि लोखंडी चाप वरून येऊन ती घट्ट धरायचा. तळाला गेले की पातं पडायचं. पातं पडून वर गेल्यावरच चाप सुटायचा, आधी नाही. नाहीतर नवार सरकते आणि काप तिरका येतो.

आणि आज दुपारी रंगनाथ टेम्पो घेऊन येणार होता. यंत्र चाललं तर नेणार होता, नाही चाललं तर नाही. गेल्या खेपेला ठाण्याहून भाचा, शरच्चंद्र, आला होता. त्याने शेडमध्ये उभं राहूनच सांगून टाकलं होतं, "मामा, हे शेवटचं मशीन. हे खपलं तर बोलणार नाही मी. पडून राहिलं तर शेड मोकळी करायची आणि आमच्याकडे यायचं. लीनानं गॅलरीत तुमच्यासाठी खाट टाकायचं ठरवलंय." लीना त्याची बायको. मुलगी चांगली होती. पण मास्तरांना त्या गॅलरीची भीती वाटायची. तिथे ते दोन दिवस राहिले होते तेव्हा सगळे त्यांच्याशी फार प्रेमाने आणि फार मोठ्याने बोलत होते.

तेव्हा यंत्र चालायला हवं होतं आणि रंगनाथच्या आधी आपल्याला ते चालताना दिसायला हवं होतं. कारण मास्तरांचा स्वतःवर विश्वास नव्हता.

कोणाला तरी हाक मारायची, पलीकडे उभं करायचं, दाबा म्हणायचं. एवढंच. पण दुसऱ्याला 'जरा येता का' असं विचारायचं म्हटलं की मास्तरांच्या घशात काहीतरी अडकायचं. म्हणून त्यांनी दोरी शोधली. पलीकडच्या दोन्ही दांड्यांना दोऱ्या बांधल्या, टेबलाखालून आपल्या बाजूला घेतल्या आणि टोकांना फास करून त्यात पाय अडकवले. उंच स्टुलावर बसून, दोन हात दांड्यांवर ठेवून, पाय ताणले की चारही दांडे एकदम खाली येणार. युक्ती वाईट नव्हती. फक्त रोज शेडमध्ये खाकी पँट घालणाऱ्या मास्तरांनी, आज पाहुणा येणार म्हणून, ट्रंकेतलं नवं धोतर नेसलं होतं.

"हं," मास्तर म्हणाले. 'दाब' त्यांनी गिळलं.

हात खाली गेले, पाय ताणले गेले, चारही दांडे अर्ध्यावर आले. रूळ गोड फिरला. चाप वरून आला आणि खट्‌कन बसला. त्याच क्षणी उजव्या पायातली दोरी तुटली.

मास्तर मागे झाले, म्हणजे होऊ लागले, आणि होता आलं नाही. त्यांनी खाली पाहिलं. पुढे झुकताना धोतराचा सोगा नवारीवर पडला होता आणि रुळाने नवारीबरोबर तोही आत घेतला होता. चाप पार कमरेजवळ बसला होता. मास्तरांना आपल्या यंत्राचा प्रथमच अभिमान वाटला. इंचभरसुद्धा सुटत नव्हतं.

त्यांनी ओढून पाहिलं. फाडून पाहिलं, पण धोतर चांगलं दाट विणीचं होतं. ते त्यांनी विकत घेतलं तेव्हा इंदूताईंनीच बोटांत चोळून बघितलं होतं. कात्री पलीकडच्या फळीवर होती. दोरीचं तुटलेलं टोक टेबलाखाली गेलं होतं.

शेडचं दार सताड उघडं होतं. समोर भिमाजीचं चहाचं दुकान होतं.

"भिमाजी," मास्तरांनी हाक मारली. त्यांचा आवाज मुळात स्वतःला ऐकू जावा एवढाच. "अहो भिमाजी, जरा..."

"आनला!" भिमाजी म्हणाला आणि चहाचा ग्लास घेऊन आला. ग्लास त्याने यंत्रावरच ठेवला. "ऊन लई हाय. टँकर येनार म्हनत्यात आज. तुमचं काय, तुमी एकटं. बादलीभर मिळालं तरी भागतंय."

मास्तरांनी तोंड उघडलं. वाक्याची सुरुवात कुठून करावी? 'माझं धोतर' इथून केली तर ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. 'हे यंत्र असं आहे की' इथून केली तर फार लांबेल. त्यांनी मधला मार्ग शोधला तोपर्यंत भिमाजी गेला होता.

मास्तर चहा प्यायले. मग घसा ओला झाल्यामुळे धीर येऊन त्यांनी पुन्हा हाक मारली. भिमाजी पुन्हा ग्लास घेऊन आला.

"आज लई चहा चाललाय मास्तर. पावनं हायेत काय कुनी?"

"नाही. म्हणजे हो. यायचे आहेत. पण भिमाजी, मी काय म्हणत होतो..."

"मंग त्यांचाबी आनून ठिवतो. मला दुकान लावून टँकरला पळायचंय. बायको म्हनली, आज तुमी हंडं घेऊन उभं ऱ्हावा."

"तसं नव्हे..."

"पैशाचं राहू द्या हो!" भिमाजी म्हणाला आणि तिसरा ग्लास ठेवून, दुकानाच्या फळ्या लावून निघून गेला.

गल्लीत आता चिटपाखरू नव्हतं. मास्तरांना वाटलं, हीच वेळ आहे. धोतर सोडून द्यायचं, मागच्या खोलीत पळायचं आणि पँट चढवायची. कुठेही कोणी नव्हतं. पण कोणी आलं तर? आलं तर बघेल. बघितलं तर? इतकी वर्षं या गल्लीत राहून आपण कधी बिनबाह्यांच्या बनियनवर दारात उभे राहिलो नाही. उलट, असंच अडकून बसलो आणि रंगनाथच आला तर? धोतर यंत्रात आणि मास्तर धोतरात; तो काय समजेल? मास्तरांनी दोन्ही बाजू शांतपणे तोलल्या. अखेर, पळायचं, असं ठरलं आणि त्यांनी कमरेच्या गाठीला हात घातला.

गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला.

पाण्याच्या वर्षी गल्लीत किती माणसं राहतात हे कळत नाही. दुष्काळाच्या वर्षी टँकर आला की कळतं. हंडे, कळशा, बादल्या, डबे घेऊन बाया चारी बाजूंनी धावल्या आणि रांग टँकरपासून सुरू होऊन बरोबर मास्तरांच्या दारात येऊन थांबली. मास्तरांनी गाठ पुन्हा घट्ट केली.

रांगेचा बंदोबस्त गोजरबाईकडे असे. तिला तो कोणी दिलेला नव्हता. ती उंच होती आणि तिचा आवाज त्याहून उंच होता. हंडा सावलीला ठेवायला ती दारात आली.

"मास्तर, हंडा ठिवू का आत? पत्रा तापलाय भाईर."

"ठेवा ना."

"तुमी बसा, बसा. उठू नगा."

"उठत नाहीये," मास्तर म्हणाले.

गोजरबाईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "असं वाकडं का बसलाय? कंबर धरली काय?"

"कंबर नाही. धोतर धरलंय."

"कुनी?"

"यंत्रानं."

गोजरबाई जवळ आली. तिने चाप पाहिला, सोगा पाहिला, तीन ग्लास पाहिले. मग दाराकडे वळून ती म्हणाली, "आगं बनुबाई! हिकडं ये, हिकडं ये! मास्तरांचं धोतर यंत्रानं धरलंय!"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा दारात अर्धी रांग होती.

"आगं बया! सकाळधरनं असंच बसल्यात का?"

"उपाशी आसतील."

"उपाशी कशाला? तीन तीन चहा पिऊन बसल्यात."

"कात्री आना कुनी तरी, कात्री!"

कात्री फळीवरच होती. बनुबाई बुटकी असल्याने तिने उडी मारून ती काढली आणि मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी कात्री उघडली. सोग्याला लावली. कचकन कापायचं आणि सुटायचं. बायांना पाठ करून खोलीत जायचं. मग त्यांचा हात थांबला.

"कात्रीनं मी सुटेन," ते हळूच म्हणाले. "यंत्र नाही सुटणार. तुकडा आत राहील, चाप तसाच राहील. घेणारा माणूस आत्ता यायचा आहे." घशात नेहमीचं ते काहीतरी होतंच. ते तसंच बाजूला सारून ते म्हणाले, "गोजरबाई, त्यापेक्षा तुम्ही जरा पलीकडे उभ्या राहाल का? ते दोन दांडे दाबायचेत. माझ्याबरोबर."

"एवढंच? मंग मगाधरनं बोल्ला का न्हाई?" गोजरबाई पलीकडे गेली, दांड्यांना हात घालायला वाकली आणि अजून वाकली. "आं? ह्ये दांडं कुनासाठी केल्यात? पोरीसोरींसाठी? तुमच्या बाजूचं येवढं उंच आन ह्ये माझ्या मांडीला लागत्यात."

मास्तरांनी पाहिलं. खरंच, पलीकडचे दांडे वीतभर खाली होते. त्यांनी यंत्रातलं प्रत्येक माप पट्टीने घेतलं होतं. आक्काबाई, रतनबाई उंच की ठेंगण्या, हे मात्र त्यांनी रंगनाथला विचारलं नव्हतं. पलीकडची उंची ठरवताना विचार करावा लागल्याचंच त्यांना आठवेना. हात आपोआप गेला होता.

"आमच्या घरच्यांच्या उंचीचे झालेत," ते म्हणाले. "चुकून."

गोजरबाईने दांड्यांवरून हात काढला आणि कपाळावर आलेला पदर सारखा केला.

"इंदूताई व्हय. बुटक्याच हुत्या. नळावर माझ्याशी लई भांडायच्या. भांडान झालं की माझाच हंडा उचलून द्यायच्या. पार टाचा उंच करून." ती थोडी थांबली. "बरं, सांगा. कवा दाबायचं?"

"मी तीन म्हटलं की. एक... दोन..."

"आगं ए बने! हंडा का सारला माझा?"

गोजरबाई दांडे सोडून दाराकडे धावली. बनुबाई शेडमधून कधीच सटकली होती आणि तिने गोजरबाईचा हंडा पायाने मागे ढकलून आपला पुढे घातला होता.

"तुजं काम चाललंय आत, तर रांग काय थांबून ऱ्हाईल?" बनुबाई म्हणाली.

"मास्तर अडाकल्यात म्हनून गेले मी. पुन्याचं काम करतेय!"

"पुन्य कर की. पानी मी भरते."

हंडे पूर्ववत झाले, गोजरबाई परत आली, मास्तरांनी पुन्हा एक-दोन म्हटलं आणि दोनवर बाहेर हंडा वाजला. गोजरबाई पुन्हा गेली. असं आणखी एकदा झालं. रांग पुढे सरकत होती, भांडण मागे-पुढे होत होतं आणि मास्तर मधे बसून एक, दोन म्हणत होते. तीनपर्यंत त्यांना कोणी पोचू देत नव्हतं.

शेवटी मास्तरच म्हणाले, "बनुबाई, तुम्हीही आत या. एक दांडा त्यांचा, एक तुमचा. हंडे दोन्ही शेजारी ठेवा. दोघी आत असलात म्हणजे कोणाचा नंबर कोणी घेणार नाही."

हे इतक्या लोकांपुढे, इतकं लांब आणि एका दमात आपण बोललो, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. बनुबाई संशयाने आत आली. दांडा तिला अगदी बेताचा होता. गोजरबाई तिच्याकडे न बघता दुसऱ्याला वाकली.

"एक, दोन, तीन!"

पातं पडलं. असा आवाज मास्तरांनी पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता. कोरडा, एकच, मागे काही न उरणारा. चाप उघडला. मास्तर स्टुलासकट मागे गेले आणि भिमाजीने पाहुण्यासाठी ठेवलेला चहा त्यांच्या मांडीवर सांडला.

बायांनी टाळ्या पिटल्या. पलीकडे पडलेला सोगा गोजरबाईने उचलून उन्हात धरला. "काय साफ कापलंय गं! एक दशी सुटली न्हाई. धोतर वाया गेलं, पर काप बघा!"

"वाती वळायला बरं," बनुबाई म्हणाली आणि तो हातातून काढून घेऊ लागली.

"मास्तर, हाय का घरात?" बाहेरून आवाज आला. रंगनाथ ढाकणे बायांमधून वाट काढत आत आला. टँकरमुळे त्याला टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच सोडावा लागला होता. त्याला दिसलं ते असं: मास्तर अर्ध्या धोतरात, चहाने भिजलेले, भुईवर बसलेले, आणि दोन बाया यंत्राच्या पलीकडे उभ्या राहून एका फडक्यावरून भांडत आहेत.

"चाचणी चाललीय," मास्तर म्हणाले.

"कापडावर?"

"कापडावर आधी बघावं लागतं," मास्तर म्हणाले आणि यंत्राचा आडोसा धरून उठले.

मग नवारीवर झाली. गोजरबाई आणि बनुबाई जागा सोडीनात. त्यांच्याबरोबर मास्तर दाबत, नवार पडे, रंगनाथ ती हातात घेऊन टोक बघे. आणखी दोघी-तिघींनी हौस भागवून घेतली. इतक्यात टँकरवाल्याने भोंगा वाजवून सांगितलं, की पाणी घ्यायचं नसेल तर तो चालला. क्षणात शेड रिकामी झाली. दांडे वर गेले, हंडे गेले, आवाज गेला. वाती वळायचा सोगाही गेला.

रंगनाथ पलीकडे जाऊन उभा राहिला. "चला मास्तर, आता आपुन." दोघांनी दाबलं. पातं पडलं. रंगनाथने पुन्हा दाबायला लावलं, पुन्हा, पुन्हा. मग तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला.

"ब्येस हाय," तो म्हणाला. "लई ब्येस. म्हनून तर तोंडातून शब्द निघंना. मास्तर, मी यंत्र न्यायला आलो न्हाई. नगं म्हनून सांगायला आलोय. टेम्पो आदीच ठरवला हुता, म्हनून त्यातनं आलो."

मास्तरांना आधी ठाण्याची गॅलरी दिसली. मग खाट दिसली. मग त्यांनी विचारलं, "काय चुकलं माझं?"

"तुमचं काय चुकतंय? आक्काबाई आन रतनबाई दोघी खडी फोडाया गेल्या, दुष्काळी कामावर. तिथं रोजच्या रोज भागतंय, मी कुठनं देऊ? माग चालवनारंबी गेलं. आमची मंडळी पोरांना घिऊन राहुरीला म्हायेरी गेली, तिकडं पानी हाय. कारखान्यात मी एकटा. एकच माग चालवतो, दिवसभर खटखट ऐकत बसतो. ठेकेदाराला पट्ट्याचा माल द्यायचाय, अखितीच्या आत. विनून ढीग पडलाय, कापायचा राहिलाय. आन हितं तुमी चार हातांचं यंत्र करून ठिवलं, माझ्याच सांगन्यावरनं. माझ्याकडं दोन हायेत." तो थांबला. "एकट्याचं करता येईल का ह्ये?"

मास्तरांनी यंत्राकडे पाहिलं. पलीकडच्या दांड्यांखाली एक खुंटी होती. ती काढली की चाराचे दोन झाले. काढायला पक्कड लागली असती आणि ती त्यांच्या खिशातच होती. दोन्ही हात गुंतलेले राहिले की एकट्या माणसाच्या बोटांनाही धोका नव्हता. सगळं अगदी सोपं होतं; सकाळी सुचलं असतं तर धोतर वाचलं असतं. मास्तरांनी खिशात हात घातला, पक्कड धरली आणि तशीच सोडून दिली.

"एकट्याचं करायचं," ते अखेर म्हणाले, "म्हणजे मुळापासून बदलावं लागेल. फार काम आहे. अक्षय्य तृतीयेच्या आत व्हायचं नाही."

रंगनाथने मान खाली घातली.

"त्यापेक्षा," मास्तर म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य धोतराच्या वाक्याहून अवघड होतं. "त्यापेक्षा असं करू. यंत्र आहे तसं न्या. माल कापून होईपर्यंत मी येतो बरोबर. म्हणजे तुमची हरकत नसेल तर. मला जागा कुठेही चालते."

रंगनाथने मान वर केली. "तुमी? दांडं दाबाया?"

"यंत्र नवीन आहे," मास्तर घाईघाईने म्हणाले. "नवीन यंत्रावर लक्ष ठेवावं लागतं."

टेम्पोत यंत्र चढवायला टँकरवाला आणि चार बाया लागल्या. मास्तर पँट घालून, पिशवी घेऊन, शेडला कुलूप घालायला लागले तेव्हा गोजरबाई भरलेला हंडा घेऊन आली.

"कुटं निघाला? भाच्याकडं?"

"कामावर," मास्तर म्हणाले. कुलूप त्यांच्या हातातच राहिलं. "गोजरबाई, परवा टँकर येईल तेव्हा बाया उन्हात उभ्या राहतील. किल्ली ठेवता का तुमच्याकडे? आत सावली असते."

"ठिवते की. पर बनीला देनार न्हाई बरं का," गोजरबाई म्हणाली आणि हंडा न हिंदकळवता दुसऱ्या हाताने किल्ली कमरेला खोचली.

टेम्पो नगरबाहेर पडला. दोन्ही बाजूंना रानं भेगाळून पडली होती आणि रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग लागले होते. मास्तर पुढे बसले होते, टेम्पोवाला आणि रंगनाथ यांच्यामध्ये, गुडघे जवळ घेऊन. आपण खोटं बोललो, हे त्यांना टोचत होतं. माल संपल्यावर, 'खुंटी आत्ताच सापडली' हे रंगनाथला कोणत्या तोंडाने सांगायचं, याचीही काळजी लागली होती. पण काळजीला अजून वेळ होता.

करंजीचा घाट लागला तसा रंगनाथ खाकरला.

"मास्तर, एक इचारू का? राग नगा मानू."

खुंटीचंच असणार, असं मास्तरांना वाटलं. "विचारा."

"तुमाला भाकरी थापाया येती का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "मी सकाळी भात टाकतो. तोही लागतो. तुम्हाला?"

"मला आली असती, तर मी कशाला इचारलं असतं?"

टेम्पोवाल्याने दोघांकडे एकदा पाहिलं आणि गिअर बदलला. घाट चढेपर्यंत मधूनच एकाला हसू यायचं, आणि दुसरा पटकन बाहेर दरीकडे बघायचा.